‘बघू’चा डच अर्थ

दर वर्षी सप्टेंबरात आणि फेब्रुवारीत आमच्या न्यूजरूममध्ये नवे इंटर्न यायचे. ते दारातून आत आले की मला तिसरी घंटा ऐकल्यासारखं व्हायचं. मी खुर्ची जरा मागे घेऊन नीट बसायची. आता काहीतरी बघायला मिळणार.

हिल्व्हर्समच्या एका वाहिनीत मी प्लॅनिंगला होते. उद्या कुठला बातमीदार कुठे जाणार, कॅमेरा कुणाला मिळणार, गाडी कुणाची, हे सगळं ठरवायचं आणि मग एखादी मोठी बातमी आली की पुसून पुन्हा ठरवायचं, असं ते काम. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून मी नेदरलँड्सला आले, डच शिकले, बातम्यांची सबटायटल्स टाइप करू लागले आणि हळूहळू सरकत सरकत प्लॅनिंगच्या टेबलापाशी पोहोचले. कॉलेजात एकांकिका करायची, ती हौस इथे नुसती बघण्यावर भागवत होते. इंटर्नची जबाबदारी माझ्याकडे कशी आली ते पुढे सांगते, कारण ते याच गोष्टीत बसतं.

डच इंटर्न पहिल्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवतात, स्वतःचं नाव सांगतात आणि दुसऱ्या दिवसापासून तुमचं काय चुकतं ते सांगतात. त्यात उद्धटपणा अजिबात नसतो. एका मुलीनं संध्याकाळच्या बुलेटिनच्या संपादकांना विचारलं होतं, तुम्ही नेहमीच असे वैतागलेले असता की आज दमलाय? त्यांनी सँडविच खाली ठेवून प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, नेहमीच. मंत्रिमंडळ पडतंय की राहतंय या बातमीवर सगळं ऑफिस उभ्यानं पळत असताना एक उंच मुलगा सहाच्या ठोक्याला कोट घालून निघाला, कारण त्या दिवशी त्यांच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकाची पाळी त्याची होती. मला वाटलं, आता स्फोट होणार. संपादकांनी एवढंच विचारलं की काय करणार आहेस. तो म्हणाला, पास्ता. ते म्हणाले, छान. मी हे सगळं घरी जाऊन नवऱ्याला आवाज काढून करून दाखवायची. त्याला जेवण गार झालं तरी चालायचं, पण पास्तावाला प्रवेश पुन्हा हवा असायचा.

तर अशा एका सप्टेंबरात एक मराठी मुलगी आली. जन्म पुण्यातला, पण दोन वर्षांची असताना आयंडहोव्हनला आलेली. वडील चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर. मराठी तिला सगळं कळायचं. मी मराठीत बोलायची आणि ती डचमध्ये उत्तर द्यायची. असं आमचं पिंगपाँग चालायचं आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे. मराठीतला एकच शब्द तिनं मला उद्देशून वापरला, तोही आईनं बजावून पाठवला होता म्हणून: ‘काकू’. बाकीच्या इंटर्ननी तो ऐकला आणि त्यांना वाटलं, हे हिचं लाडकं नाव. आठवडाभरात कॅमेरामन, मेकअपवाली, हवामानवाला, सगळे मला काकू म्हणू लागले. शेवटी एकदा भर मीटिंगमध्ये संपादकही म्हणाले, “हे काकूला विचारा.” डचमध्ये त्या शब्दाची सुरुवात कुठल्या घाण शब्दाशी जुळते ते मी इथे लिहीत नाही. त्यांना मात्र ते माहीत असूनही ते मोठ्या प्रेमानं हाक मारायचे.

या मुलीला बातमीदार व्हायचं होतं, आणि तेही पार पोटातून. कॉफीच्या मशीनपाशी कुणी नसलं की ती मोबाइल समोर धरून स्वतःलाच बातमी सांगायची. आमच्या संपादकांचा नियम असा की ज्या इंटर्नचा स्वतः शोधलेला एक तरी आयटम पहिल्या सहा आठवड्यांत बुलेटिनमध्ये जाईल, तो उरलेले महिने बातमीदारांबरोबर बाहेर फिरेल. बाकीच्यांनी खाली आर्काइव्हमध्ये बसून जुन्या टेपांना शीर्षकं लावायची. आर्काइव्ह वाईट नव्हतं. पास्तावाला मुलगा तिथे आनंदानं गेला होता, कारण तिथे वेळेवर सुटका व्हायची. पण हिला खाली जायचं नव्हतं. तिनं एकामागून एक कल्पना आणल्या आणि संपादकांनी प्रत्येकीवर तोच एक शब्द टाकला: कंटाळवाणं. तिचे आठवडे संपत आले.

मग तिनं सायकलच्या शाळेची कल्पना आणली. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्टमध्ये एका इमारतीच्या मागच्या पार्किंगमध्ये एक मराठी बाई दर रविवारी नव्यानं आलेल्या भारतीय बायकांना सायकल शिकवतात, असं तिच्या आईला कुणाकडून तरी कळलं होतं. सगळ्या त्या बाईंना ताई म्हणत. जिथे मूल चालायला लागतं आणि लगेच सायकलवर बसतं, त्या देशात मोठ्या बायका घसरत, किंचाळत सायकल शिकतायत. संपादकांनी घास चावायचा थांबवून म्हटलं, “हे मी बघेन.” आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं. रविवारी बातम्यांचा दुष्काळ असतो. हवामानाच्या आधी अडीच मिनिटांची जागा तिच्यासाठी ठेवली गेली. तिच्या सहा आठवड्यांतला तो शेवटचा रविवार होता.

तिनं ताईंना फोन केला आणि येऊन माझ्या बोर्डवर आयटमपुढे हिरवी खूण केली. हिरवी म्हणजे पक्कं. तिचं मराठी तोकडं म्हणून संपादकांनी दुभाषी म्हणून मला बरोबर जायला सांगितलं. रविवारचं ऑफिस सोडून बाहेर जायला मिळतंय म्हटल्यावर मी कोट आधी घातला आणि होकार नंतर दिला.

गाडी कॅमेरामन चालवत होता. निवृत्तीला आलेला, दाराच्या चौकटीला डोकं आपटेल इतका उंच, आणि बोलणं अगदी बेतानं. मुलगी मागच्या सीटवर प्रश्न पाठ करत होती. मी सहज विचारलं, ताई फोनवर नेमकं काय म्हणाल्या?

ती डचमध्ये म्हणाली, त्या खूप छान बोलल्या, लगेच तयार झाल्या.

“शब्द सांग. त्यांचे शब्द.”

तिनं आठवून आठवून, डच वळणाच्या मराठीत सांगितलं, “अगं, टीव्ही कशाला? बघू. पण तू ये की चहाला.”

मी कपाळावर हात मारला. थोडा जास्तच नाट्यमय मारला असेन, कारण कॅमेरामननं आरशातून बघितलं आणि काय झालं विचारलं. मी म्हटलं, आपण एका नकाराकडे चाललोय.

मुलगी चिडली. नकार कुठे आहे यात? ‘नाही’ असा शब्दच नाही. बघू म्हणजे बघू या, आणि ये म्हणजे ये. तिनं वाक्याची फोड करून दाखवली, आणि व्याकरणाच्या दृष्टीनं ती शंभर टक्के बरोबर होती.

तेव्हा मी तिला माझीच गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी संपादकांनी मला विचारलं होतं, इंटर्नची जबाबदारी घेशील का? मला मुळीच घ्यायची नव्हती. मी गोड हसून म्हटलं, बघू या. डचमध्येच म्हटलं, पण मनातून मराठीत. माझ्या मते मी त्यांना स्पष्ट नकार दिला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर चार इंटर्न उभे.

कॅमेरामन इतका हसला की गाडी लेनमधून जराशी सरकली. मुलगी हसली नाही. तिनं अगदी मुद्द्याचं विचारलं: नको असेल तर माणूस चहाला का बोलावतो?

मी म्हटलं, नको आहे म्हणूनच. तुझ्या एका गोष्टीला नाही म्हटलं, तर दुसऱ्या कशाला तरी हो म्हणायला हवं ना. आणि उलटंही असतं बघ. आता तिथे पोहे देतील. तू नको म्हणशील, तर त्या आणखी वाढतील. खाण्याच्या बाबतीत नको म्हणजे अजून आग्रह करा.

 ती हळूच म्हणाली, तिचे आईबाबा घरी असंच बोलतात, पण तिला आजवर वाटायचं की त्यांचं ठरत नाही.

ताईंनी दार उघडलं. पन्नाशीच्या आसपासच्या, चटपटीत, केस घट्ट बांधलेल्या. घरभर फोडणीचा वास. मुलीला बघून त्यांचा चेहरा उजळला, माझ्याकडे बघून आणखी उजळला, आणि मागून खांद्यावर कॅमेरा घेतलेला मनोरा वाकून आत शिरला तशी त्यांचं हसू होतं तिथेच राहिलं, पण डोळे बदलले. “अगं बाई, हेही आले होय,” त्या म्हणाल्या. “बसा, बसा. आधी खाऊन घ्या.”

पुढचा अर्धा तास म्हणजे निव्वळ रंगभूमी. कॅमेरामन सोफ्यासमोर स्टँड लावायचा, मुलगी ताईंना बसायला सांगायची, त्या बसायच्या आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळला की लिंबू आणायला उठायच्या. पुन्हा बसवलं की खोबरं. मग पाणी. मग त्यांना आठवलं की चहात आलं घालायचं राहिलं. मुलीनं पोटात आणखी जागा नसल्याचं सरळ सांगितलं, “नको,” आणि ताईंनी लगेच डावभर पोहे वाढले. ती वाडग्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी भुवया उडवल्या. कॅमेरामननं तीनदा मागून घेतलं, एकदाही नको म्हटलं नाही, आणि त्या घरातला सगळ्यात गुणी पाहुणा ठरला.

मी वाडगे उचलायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

“तुम्हीच सांगा ना तिला,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “गोड मुलगी आहे हो. माझ्यानं तोंडावर नाही म्हणवत नाही.”

“पण अडचण काय आहे?”

त्यांनी दाराकडे बघून घेतलं. “टीव्हीवाले म्हणणार, जरा रस्त्यावरून चालवून दाखवा. म्हणतील ना तसं? मला नाही येत रस्त्यावर. पार्किंगमध्ये येते. नवीन आले तेव्हा एकदा ट्रामच्या रुळात चाक अडकून पडले, ते पडलेच. त्यानंतर रस्त्यावर सायकल घातली नाही. माझ्याकडच्या मुली शिकून झुइडासला ऑफिसला जातात सायकलनं, पोरांना पुढेमागे बसवून शाळेत सोडतात. आणि मी मेट्रोनं जाते. कुणालाच माहीत नाही. त्यांना कळलं तर काय म्हणतील?”

मला हसू आलं नाही, हे मी माझ्या स्वभावाविरुद्ध सांगते. मी म्हटलं, ताई, नकार मी कळवला तर तिला तो मी दिलाय असं वाटेल. तुम्हीच द्या. तिला ऐकता येतं, फक्त शब्द लागतो.

तेवढ्यात मुलगी उरलेले वाडगे घेऊन आत आली. बाहेर कॅमेरामन तिला सांगत होता की पार्किंगमध्ये बायका जमल्यात आणि ऊन जायला लागलंय. तिनं वाडगे सिंकमध्ये ठेवले, ताईंकडे वळली आणि मी ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच स्वतःचं अख्खं वाक्य मराठीत बोलली. तिचं सगळं मराठी आईकडून आलेलं, म्हणून आईला म्हणावं तसं ती साऱ्या जगाला ‘तू’च म्हणायची.

“ताई, तू नाही म्हणतेस का?”

ताई त्या ‘तू’नं दचकल्या, मग विरघळल्या. “हो गं,” त्या म्हणाल्या.

मुलीनं गोंधळून मला डचमध्ये विचारलं, हा होकार होता का? मी म्हटलं, हो, नकाराला.

तिनं डोकं हलवलं आणि पुन्हा ताईंकडे वळली. “मला हो नाही कळत. बघू पण नाही कळत. मला एक शब्द पाहिजे. राग नाही येणार.”

ओट्यावर चहाचं पातेलं थंड झालेलं. ताईंनी पदर नव्हता तरी पदर सावरल्यासारखा हात केला.

“नाही,” त्या म्हणाल्या.

म्हणून झाल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं. आणि मग, एकदा झाकण उघडल्यावर, ट्रामचा रूळ, मेट्रो, सगळंच त्यांनी तिला सांगून टाकलं. मी शब्द सुचवायला तयार उभी होते, पण लागले नाहीत.

आता मला वाटलं, ही काहीतरी समजूत घालेल. आपल्याकडच्या कुणीही घातली असती: असू दे हो ताई, त्यात काय एवढं. तिनं तसं काही केलं नाही. ती विचार करत म्हणाली, आणि इथे मराठी संपून तिचं डच सुरू झालं, ते मी ताईंना सांगत गेले:

“माझ्या पोहण्याच्या बाई कधीच पाण्यात उतरल्या नाहीत. सगळ्या वर्षांत एकदाही नाही. काठावर कोरड्या कपड्यांत उभ्या राहायच्या, हातात लांब काठी घेऊन ओरडायच्या. त्यांना पोहता येत होतं की नाही ते मला आजही माहीत नाही. मला येतं.”

या देशात वाढलेल्या प्रत्येकाला ती काठावरची काठीवाली बाई माहीत असते. कॅमेरामन दाराशी उभा होता, तोही गंभीरपणे म्हणाला, माझ्याही तशाच होत्या, फार भीती वाटायची त्यांची. मी तेही भाषांतर करून सांगितलं.

ताईंनी नॅपकिननं हात पुसले, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाल्या, “चेहरा नाही दाखवायचा. ते नाहीच. आवाज हवा तर घ्या. माझं ओरडणं तसंही अख्ख्या पार्किंगला ऐकू जातं.”

“हो?” मुलीनं विचारलं.

“हो,” ताई म्हणाल्या. “हा हो म्हणजे हो.”

मुलगी जिन्यात उभी राहून संपादकांशी फोनवर बोलली. मी तिच्या खालच्या पायरीवर होते, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू आल्या. तिनं आडवळण न घेता सांगितलं: मी नकाराला होकार समजले, शिकवणाऱ्या बाई पडद्यावर येणार नाहीत, त्यांचा आवाज आहे आणि विद्यार्थिनी आहेत.  ते म्हणाले, शिक्षिकेशिवाय शाळेचा आयटम.  मग सँडविचच्या कागदाचा आवाज. शेवटी म्हणाले, जागा दीड मिनिटाची करतो, आणि बघून बरं वाटलं नाही तर तीही काढतो. त्या जागी बदकांचा आयटम आहे.

ती बदकं तिच्या मानेवर बसली होती. दिवसभर तिनं पुन्हा प्रश्नांचा कागद काढला नाही, पण खालचा ओठ सतत चावत होती.

पार्किंगमध्ये दहाबारा बायका जमल्या होत्या. कुर्ता, लेगिंग, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून कमरेला करकचून बांधलेली, पायात नवेकोरे बूट. कॅमेरा बघून दोघींनी केस नीट केले, एक गाडीमागे गेली आणि मैत्रिणींनी तिला ओढून आणलं. ताई कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहिल्या, कॅमेरामनच्या अगदी खांद्याशी, आणि काम सुरू झाल्याबरोबर त्या आम्हाला विसरल्या.

“अगं, हँडल पिळू नकोस, ते काय कपडे आहेत का? मान वर. रस्त्याकडे बघ, चाकाकडे नको. चाक कुठे पळून जात नाही. पाय थांबवू नकोस, पाय थांबले की तू पडलीस. ए, तू हसू नकोस, पुढचा नंबर तुझाच आहे.”

एक बाई सुटली. नुकतीच नागपूरहून आलेली, नवरा झुइडासमधल्या बँकेत. ती सरळ गेली, वळली, परत आली, पुन्हा गेली. सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. ती पुन्हा आली आणि पुन्हा गेली. दिव्याच्या खांबाभोवती तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू पातळ होऊन काळजी दिसायला लागली तेव्हा आमच्या लक्षात आलं की तिला थांबता येत नाहीये. “ताई, उतरायचं कसं?” ती दर फेरीला विचारत होती, आणि ताई तिच्याबरोबर आतल्या बाजूनं पळत सांगत होत्या. कॅमेरामन जमिनीवर आडवा पडून सगळं टिपत होता, आणि ताई चौकटीत येऊ नयेत म्हणून मुलगी एका हातानं त्यांचं जॅकेट धरून त्यांच्याही मागे पळत होती. शेवटी नागपूरवाली गवतात शिरली आणि सायकल आपोआप आडवी झाली. ती उठली आणि म्हणाली, “परत जाऊ का?” आमचा बाईट तोच होता. मुलीनं वेगळा प्रश्न विचारलाच नाही.

परतल्यावर एडिटरूममध्ये आम्ही दोघी सबटायटलवरून भांडलो. ‘अगं’चं डच काय? मी म्हटलं, सोडून दे. ती म्हणाली, नाही, त्याच्याशिवाय ताई रागावल्यासारख्या वाटतात, आणि त्या रागावलेल्या नाहीत. तिनं सहा पर्याय टाइप केले, सहाही पुसले, आणि अखेर तिथे काहीच न लिहिता आवाजाची पट्टी किंचित वर केली, म्हणजे ‘अगं’ नुसतं ऐकू येईल. मला ते सुचलं नसतं. मी तिच्यासाठी कॉफी आणली.

संपादक खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि आयटम बघितला. खांबाभोवतीच्या दुसऱ्या फेरीला त्यांच्या नाकातून आवाज आला. इतक्या वर्षांत तो आवाज मी क्वचितच ऐकला होता. आयटम संपल्यावर त्यांनी विचारलं, ही ओरडणारी बाई कोण आहे, आणि ती दिसत का नाही?

“ती नाही म्हणाली,” मुलगी म्हणाली.

“बरं,” संपादक म्हणाले आणि बदकं सोमवारवर ढकलून निघून गेले.

आयटम हवामानाच्या आधी गेला. तिनं तो न्यूजरूमच्या मोठ्या पडद्यावर बघितला नाही. छपाईच्या मशीनमागे उभी राहून नुसता ऐकला. आपल्या आयटमच्या वेळी सगळेच असं काहीतरी विचित्र करतात, म्हणून कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. संपल्यावर कॅमेरामननं तिच्या पाठीत एक थाप मारली, त्यानं तिच्या हातातली कॉफी सांडली. माझ्या फोनवर ताईंचा निरोप आला होता: सगळ्या जणींनी आमच्याकडे बसून बघितलं, कुणाला कळलं नाही, तुमच्या मुलीला सांगा पुढच्या वेळी आली की जेवूनच जायचं. मी तिला वाचून दाखवला. हे खरं आमंत्रण आहे का, असं तिनं विचारलं. मी दोनदा वाचून सांगितलं की हो, हे खरं आहे. जेवण लिहिलंय, चहा नाही.

सोमवारी सकाळी मी आले तर बोर्डवर माझ्या आधी कुणीतरी हात फिरवला होता. आर्काइव्हच्या रकान्यातली तिच्या नावाची चिठ्ठी काढून बाहेरच्या बातमीदारांच्या रकान्यात लावली होती, आणि तिच्यावर गावाचं नाव लिहिलेलं अक्षर संपादकांचं होतं. तिला ग्रोनिंगनला पाठवलं होतं. तिथे शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना राहायला खोल्या मिळत नव्हत्या, त्यांना शोधून बोलतं करायचं होतं. बातमीदार तिथे परस्पर भेटणार होता. हिला आधी एकटीनं आगगाडीनं जायचं होतं. बाहेर तिरपा पाऊस होता आणि मी कोट काढेपर्यंत ती निघूनही गेली होती.

तासाभरानं तिचा फोन आला. फार खालच्या आवाजात. ती चुकून शांततेच्या डब्यात बसली होती, तिथे बोलायला बंदी असते. “काकू, मी इथे बोलू शकत नाही,” ती कुजबुजली, मराठीत, आणि मग बोलतच राहिली: विद्यार्थी कुठे सापडतील, आधी विद्यापीठात जाऊ की स्टेशनवरच थांबू, नाही म्हणाले तर किती वेळा विचारायचं. मी काही सांगणार एवढ्यात तिच्या शेजारून एका तरुण आवाजानं इंग्रजीत, फार सभ्यपणे, तिला गप्प बसायला सांगितलं.

ती गप्प झाली. मग तिनं त्याला तितक्याच सभ्यपणे विचारलं की तू ग्रोनिंगनला शिकायला चाललायस का, आणि राहायला खोली मिळालीय का.

फोन ठेवायला ती विसरली. मी कॉफी घेऊन बसले आणि ऐकत राहिले.